संयुक्त ताबा

माझ्या सासरच्या माणसांचा पाण्याशी आलेला शेवटचा मोठा संबंध म्हणजे १९६१ चा पानशेतचा पूर. नारायण पेठेतल्या वाड्यात तेव्हा पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत चढलं होतं, हे त्या पुरानंतर जन्मलेली माणसंही बोट लावून दाखवतात. त्यानंतर त्या घराण्याने पाणी पाहिलं ते नळाला, आणि तेही ठरलेल्या वेळेत. अशा घरातल्या मुलाने पन्नाशी उलटल्यावर सिॲटलमध्ये अठ्ठावीस फुटी जुनी मोटरबोट विकत घ्यावी आणि मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून तिचं नाव ‘कान्होजी’ ठेवावं, याला धाडस म्हणायचं की वयाचा परिणाम, हे आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांत अजून ठरलेलं नाही.

मी मालवणची. माझे आजे तांडेल होते. चालता येण्याच्या आधी मला होडीत बसवलं होतं, असं आई सांगते. पण ‘कान्होजी’चा कप्तान नवरा आहे, कारण कार्ड त्याच्याकडे आहे. वॉशिंग्टन राज्यात १ जानेवारी १९५५ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला १५ अश्वशक्ती किंवा त्याहून मोठ्या इंजिनाची बोट चालवायची असेल, तर परीक्षा देऊन कार्ड मिळवावं लागतं. परीक्षा म्हटल्यावर पुणेरी रक्त उसळलं. त्याने रात्री जागून अभ्यास केला, पैकीच्या पैकी गुण मिळवले आणि निकाल पुण्याला कळवला. मी परीक्षेला बसले नाही. तांडेलाच्या नातीने होडीची परीक्षा संगणकावर बरोबरच्या खुणा करून द्यायची, हे माझ्या मनाला पटेना. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने तो कप्तान आणि मी सामान.

या उन्हाळ्यात आम्ही सॅन हुआन बेटांकडे निघालो होतो. अमेरिकेचा वायव्य कोपरा आणि कॅनडाचं व्हँकूवर बेट यांच्यामधल्या सॅलिश समुद्रात ही बेटं विखुरलेली आहेत. काळीभोर सुचीपर्णी झाडं, खडकावर पसरलेले सील, उंच फांदीवर बसून आपल्याकडे तुच्छतेने बघणारे गरुड, आणि जुलैतही बोटं बधिर करणारं गार पाणी. एखाद्या खाडीत नांगर टाकावा, चहा करावा आणि एकमेकांशी काही न बोलता बसावं, असं हे सगळं आहे. चार-दोन रात्री आम्ही तसे बसलोही. मग नळाचं पाणी बारीक झालं आणि दुसऱ्या टाकीचा दिवा तांबडा झाला.

दुसरी टाकी म्हणजे संडासाची. प्युजेट साउंड आणि त्याच्या आसपासच्या पाण्यात, या बेटांसकट, बोटीवरचं सांडपाणी सोडायला २०१८ पासून पूर्ण बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे जलविहाराचा सगळा आराखडा त्या एका टाकीच्या हाती गेला आहे. पर्यटनाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की अमुक बंदराला तिथल्या सूर्यास्तासाठी जावं. प्रत्यक्षात सगळे टाकीसाठी जातात आणि गेलोच आहोत तर सूर्यास्त बघतात. आम्ही नकाशा उलगडला. सर्वांत जवळचं बंदर होतं सॅन हुआन बेटाच्या वायव्य टोकाचं रोश हार्बर. एक रात्र मुक्काम, टाक्यांची अदलाबदल, गरम पाण्याची अंघोळ आणि सकाळी पुढे, असं ठरलं.

बंदरात शिरण्याआधी रेडिओवरून जागा मागावी लागते. रोश हार्बरसाठी चॅनल ७८ए. एरवी फोनवर ‘हां, बोल’ याच्या पलीकडे न जाणारा माझा नवरा रेडिओ हातात आला की पुणे आकाशवाणीचा वृत्तनिवेदक होतो. “रोश हार्बर, रोश हार्बर, मी मोटरबोट कान्होजी.” पलीकडच्या तरुणाने अदबीने नावाची अक्षरं विचारली. मग याने घसा खाकरून सागरी लिपी सुरू केली: किलो, अल्फा, नोव्हेंबर, हॉटेल, ऑस्कर, ज्युलिएट, इंडिया. मुलाने ती बिनचूक लिहून घेतली. लांबी किती, रुंदी किती, कोणत्या अंगाला बांधणार, वीज हवी का, असं सगळं रीतसर विचारलं. पण रेडिओ म्हणजे चावडी. त्या चॅनलवर कान लावून बसलेल्या सगळ्या बोटींनी ती अक्षरं ऐकली, आणि त्यातली दोनच त्यांच्या लक्षात राहिली. आम्ही बंदरात शिरलो तेव्हा पहिल्याच धक्क्यावर खुर्ची टाकून बसलेल्या एका आजोबांनी हात उंचावून स्वागत केलं, “हॅलो, हॉटेल इंडिया!”

आंग्र्यांचा हा अपमान नवऱ्याच्या फार जिव्हारी लागला. पण त्याच्याकडे तेव्हा दुःख करायला वेळ नव्हता. बाजूचा वारा सुटला होता.

ज्यांनी बोट लावलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बोटीला ब्रेक नसतो. थांबायचं तर इंजिन उलटं फिरवायचं, आणि उलटं फिरवलं की तिचा मागचा भाग स्वतःच्या मनाने एका बाजूला सरकतो. वेग कमी केला की सुकाणूला जोर राहत नाही, वेग वाढवला की शेजारच्याची बोट जवळ येते, आणि ही शेजारची बोट नेहमी आपल्या घरापेक्षा महाग असते. आजे म्हणायचे, “होडी हाकूक कोणाकय येता, लावूक येवक व्हयी.” परीक्षेत हा प्रश्न नव्हता.

अशा वेळी बोटीवर जे बोललं जातं त्यासाठी इथल्या दुकानांत डोक्यावर घालायचे बिनतारी हेडफोन मिळतात. एक सुकाणूपाशी, एक नाळेवर. बोटवाली मंडळी त्यांना सरळ ‘मॅरेज सेव्हर’ म्हणतात. आम्हीही घेतले आहेत. पूर्वी आमचं बोलणं अख्ख्या बंदराला ऐकू जायचं आणि मराठीत असल्यामुळे कोणाला कळायचं नाही. आता ते फक्त मला ऐकू येतं आणि शब्द न् शब्द कळतो. यात संसार नेमका कोणाचा वाचला, याचा खुलासा खोक्यावर दिलेला नाही.

“अगं, फेंडर खाली सोड. नाही, त्या बाजूचा. तो नाही. हां, तोच, पण वर घे. पुढचा दोर तयार ठेव. उडी मारू नकोस. आता मार. थांब, थांब, मारू नकोस!”

घरात मी त्याला ‘अरे’ म्हणते, सासरच्या माणसांत ‘अहो’. बोटीवर मी ‘अहो’ म्हटलं तर समजावं की पाणी डोक्यावरून गेलं आहे.

“अहो,” मी म्हटलं, “तुम्ही फक्त सुकाणू सरळ धरा.”

धक्क्यावर एव्हाना खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. येणाऱ्या बोटीचा दोर झेलायला धावून जायचं, ही इथली खरोखर सुंदर रीत आहे. ओळखदेख लागत नाही. आणि या निमित्ताने दुसऱ्याचा संसार जवळून बघायला मिळतो, हेही खरं. सहा-सात माणसं हात पुढे करून उभी होती, आणि प्रत्येक जण नवऱ्याला वेगळ्या दिशेला वळायला सांगत होता. मी त्यांच्याकडे आणि कानातल्या आवाजाकडे दुर्लक्ष करून बोटीच्या मध्यावर गेले, तिथला दोर घेऊन शांतपणे धक्क्यावर पाय ठेवला आणि मागच्या लोखंडी खुंट्याला एक वेढा मारून धरला. मधला दोर असा मागे अडकवला आणि इंजिन हळूच पुढे चालू ठेवलं, की बोट आपणहून अंग चोरून धक्क्याला टेकते. कान्होजी टेकला. टाळ्या झाल्या. कप्तानाने टोपी काढून त्या स्वीकारल्या. आजोबा त्याला म्हणाले, “सुरेख लावलीत!” तो म्हणाला, “थोडा वारा होता.”

भांडण तिथेच पेटायचं, पण आजोबांच्या आजीबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हातारी वल्ली होती. म्हणाली, “आमच्याकडे नियम आहे. बोट बांधल्यावर तासभर त्या विषयावर बोलायचं नाही. तासाभराने काय बोलायचं होतं ते आठवत नाही.” मी विचारलं, “आणि आठवलं तर?” ती म्हणाली, “तर आणखी एक तास.”

तो तास कामांत गेला. इथे बोटीचं भाडं फुटावर असतं, त्यामुळे कागदावर सही करताना नवऱ्याने लांबी पुन्हा एकदा मोजून घ्यावी का, असा विचार मनात आणला. मनगटाएवढी पिवळी केबल खांबाला जोडून वीज घेतली. पाणी भरलं. मग टाकीचा कार्यक्रम. रोश हार्बरला ही सेवा बोटीच्या दारात येते. तिच्यासाठी एक खास बोट आहे, तिचं नाव ‘फीकल फ्रीक’. इतक्या नीच कामाला इतकं उमदं नाव देणारी माणसं मला आवडतात. ती आली, नळी जोडली, आणि कान्होजीचं पाणीरेषेत बुडालेलं बूड जरा वर आलं. नवरा हा सगळा वेळ नाकाला रुमाल लावून, पण जातीने हजर होता. अधिकारपद म्हटलं की हे आलंच.

बर्फ आणायचं कामही त्याचंच. या बंदरातले धक्के तरंगते आहेत. भरती-ओहोटीबरोबर ते वरखाली होतात, आणि किनाऱ्याला जोडणारा पूल भरतीला जवळजवळ सपाट असतो तर सुकतीला सिंहगडाच्या शेवटच्या चढासारखा उभा. फोनमध्ये भरतीच्या वेळांचं ॲप घेतलेला माणूस बरोबर सुकतीला ढकलगाडी घेऊन निघाला. जाताना रिकामी गाडी वर ढकलली आणि येताना भरलेल्या गाडीने त्याला खाली आणलं. त्याच वेळी त्याच्या फोनने घोषणा केली की तो कॅनडात पोचला आहे आणि तिथले दर लागू झाले आहेत. बेटाचा हा किनारा अमेरिकेचा, पण टॉवर समोरचा. सरहद्द कुठे आहे हे टॉवरला कोणी सांगितलेलं नाही.

त्या सरहद्दीपायी इथे एकदा युद्ध व्हायची वेळ आली होती, आणि ही हकीकत ऐकल्यापासून मला आमच्या संसाराचा उलगडा झाला आहे.

१८४६ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी तह केला. ४९ व्या अक्षांशाने सरळ पश्चिमेला यायचं, मग मुख्य भूमी आणि व्हँकूवर बेट यांच्यामधल्या खाडीच्या मध्यातून रेघ खाली न्यायची. तहावर सह्या झाल्या, सगळे घरी गेले. मग लक्षात आलं की मध्ये खाड्या दोन आहेत. पश्चिमेला हारो सामुद्रधुनी, पूर्वेला रोझारिओ, आणि दोन्हींच्या मध्ये ही सगळी बेटं. रेघ हारोतून नेली तर बेटं अमेरिकेची, रोझारिओतून नेली तर ब्रिटनची. दोघांनीही सॅन हुआन बेट आपलंच समजून मुक्काम ठोकला. इंग्रजांच्या हडसन्स बे कंपनीने मेंढ्या आणि डुकरं पाळली, अमेरिकनांनी बटाटे लावले. १५ जून १८५९ रोजी कंपनीचं एक डुक्कर लायमन कटलर नावाच्या अमेरिकनाच्या शेतात शिरून बटाटे उकरायला लागलं. कटलरने त्याला गोळी घातली.

पुढचं सगळं दोन शेजाऱ्यांच्या नळावरच्या भांडणाच्या वेगाने घडलं. इंग्रजांनी भरपाई आणि अटकेची भाषा केली. अमेरिकेने कॅप्टन जॉर्ज पिकेट याला सैनिक देऊन बेटावर उतरवलं. हाच पिकेट चार वर्षांनी अमेरिकन यादवीतल्या गेटिसबर्गच्या रणात इतिहासात गेला, पण सुरुवात डुकरापासून झाली. ब्रिटिशांनी युद्धनौका पाठवल्या. ऑगस्टच्या अखेरीस एका बाजूला १४ तोफा आणि ४६१ अमेरिकन सैनिक, दुसऱ्या बाजूला ५ युद्धनौका, ७० तोफा आणि २,१४० माणसं, मध्ये एक मेलेलं डुक्कर. ब्रिटिश नौदलाचा रिअर ॲडमिरल बेन्स शहाणा निघाला. डुकरापायी दोन मोठ्या राष्ट्रांना लढायला लावायची त्याची तयारी नव्हती. अमेरिकेने वृद्ध जनरल विनफिल्ड स्कॉटला समेटाला पाठवलं आणि ठरलं असं, की वाद मिटेपर्यंत बेटावर संयुक्त ताबा. एका टोकाला अमेरिकन छावणी, दुसऱ्या टोकाला इंग्रज छावणी, दोन्हीकडे थोडकी माणसं. हा ताबा तब्बल बारा वर्षं चालला. त्या काळात दोन्ही छावण्या एकमेकांच्या सणासमारंभांना जात, जेवत, शर्यती लावत. अख्ख्या युद्धात बळी एकच. तो सुरुवातीलाच गेला होता.

इंग्रज छावणी गॅरिसन उपसागरात आहे. रोश हार्बरहून मॉस्किटो पास नावाच्या चिंचोळ्या वाटेने तिथे छोट्या होडीने जाता येतं. आमच्याकडे हवा भरलेली रबरी डिंगी आहे. तिचं इंजिन पाच अश्वशक्तीचं, म्हणजे कार्डाच्या कक्षेबाहेरचं. त्यामुळे आमच्यातही तह झालेला आहे: कान्होजीचा कप्तान तो, डिंगीची तांडेल मी. डिंगीत तो पुढे बसतो, दोन्ही हातांनी कडा धरतो आणि ‘डावीकडे खडक’ असं डावीकडचा खडक मागे पडल्यावर सांगतो.

पाण्याच्या काठावर पांढरं लाकडी टेहळणीघर, मागे मेपलची प्रचंड झाडं, आणि चक्क आखीवरेखीव फुलबाग. तिथे राहिलेल्या इंग्रज कप्तानाने आपल्या बायकोसाठी घराजवळ बाग केली होती म्हणतात. वर युनियन जॅक फडकत असतो, आणि तो फडकवायचं काम अमेरिकेचे सरकारी कर्मचारी करतात. ज्याच्याशी भांडलो त्याचं निशाण आपल्या हाताने उभारायचं, एवढं मोठं मन एकतर जुन्या राष्ट्रांना परवडतं किंवा जुन्या नवरा-बायकोला. नवऱ्याने आंग्र्यांच्या वतीने त्या झेंड्याकडे एकदा रोखून पाहिलं. मग बागेतल्या बाकावर बसला आणि म्हणाला, “मघाशी तू मधला दोर टाकलास ते बरं केलंस.” तास उलटून गेला होता. आजीबाईंचा नियम असा दोन्ही बाजूंनी काम करतो हे मला तेव्हा कळलं.

परत आल्यावर पाय मोकळे करायला रोश हार्बरच्या मागच्या रानात गेलो. १८८६ मध्ये जॉन मॅकमिलिन नावाच्या माणसाने इथे चुन्याचा मोठा कारखाना काढला. त्याच वर्षीचं हॉटेल दे हारो अजून बंदरावर उभं आहे. या मॅकमिलिनने आपल्या कुटुंबासाठी रानात समाधी बांधून घेतली आहे. ती बघून मी थक्क झाले. उंच खांबांच्या गोलात मधोमध एक भलंमोठं दगडी जेवणाचं टेबल, भोवती दगडी खुर्च्या, आणि ज्याची त्याची रक्षा ज्याच्या त्याच्या खुर्चीत. एक खांब मुद्दाम अर्धवट तुटका ठेवलेला, आयुष्याचं काम अपुरंच राहतं म्हणून. म्हणजे मेल्यावरही सगळ्यांनी जेवणाच्या टेबलाशी, आणि आपापल्या ठरलेल्या जागेवर. “बघ,” नवरा म्हणाला, “एकत्र कुटुंब.” मी बघितलं. वाढणारी बाई कुठे बसते, हे तिथे कुठेच कोरलेलं नव्हतं.

जेवणावरून आठवलं. येताना वाटेतल्या एका खाडीत आम्ही खेकड्यांचा पिंजरा टाकला होता. मोसम चालू होता, परवाना होता. इथले डंजनेस खेकडे मोठे आणि गोड. या बेटांभोवती कायदा असा, की पाठ सव्वासहा इंचांपेक्षा आखूड असेल तर परत सोडायचा, कवच मऊ असेल तर परत सोडायचा, आणि मादी असेल तर ती कितीही मोठी असो, मानाने परत सोडायची. कालवणात जायचं ते फक्त पुरुषांनी. अमेरिकेतले बरेच कायदे मला क्लिष्ट वाटतात. हा एक बिनतोड आहे. नवरा खेकडे खात नाही, पण पट्टीने मोजून देतो. नारायण पेठेचा दर्यावर्दी संसाराला एवढा हातभार लागला तरी पुष्कळ झाला.

मी कुर्ल्यांचं सार केलं. खोबरं भाजलं, मालवणहून आलेला मसाला तव्यावर जरा परतला आणि बोटीचे सगळे झरोके उघडले. बंदरात बोटी हातभर अंतरावर बांधलेल्या असतात. वाऱ्याने, जो सकाळपासून आमच्या विरोधात होता, आता आमची बाजू घेतली. आधी पलीकडच्या बोटीवरचं कुत्रं उभं राहिलं. मग त्याचा मालक. मग आजोबा वाटी नव्हे, सरळ भांडंच घेऊन आले आणि म्हणाले, “हॉटेल इंडिया चालू आहे का?” नाव काय पडतं यापेक्षा ते कशामुळे टिकतं याला महत्त्व आहे. आंग्र्यांचा मान राखून त्या रात्री आम्ही हॉटेल इंडिया होतो, आणि वरणभात खात कोपऱ्यात बसलेला कप्तान सगळ्यांना सांगत होता की खेकडे त्यानेच मोजले आहेत.

जुलैत इथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. रोश हार्बरला उन्हाळ्यात रोज सूर्यास्ताला झेंडे उतरवण्याचा सोहळा असतो. गणवेशातली तरुण मुलं-मुली रांगेत येतात, धून वाजते, ब्रिटनचा, कॅनडाचा, अमेरिकेचा असे झेंडे एकेक करून खाली येतात. सगळे आपापल्या बोटींवर उभे राहतात. हा भाग मला माहीत होता. शेवटी तोफ उडवतात, हा भाग आजोबांनी सांगायचा ठेवला होता. माझ्या हातात सोलकढीचं पातेलं होतं. पुढचं सांगत नाही. तोफेपाठोपाठ बंदरातल्या सगळ्या बोटींनी भोंगे वाजवले, त्यात नवऱ्यानेही वाजवला, तो कपडे आधी न पुसता. डुकराच्या युद्धातला दुसरा बळी म्हणून त्या सोलकढीची नोंद व्हायला हरकत नाही.

रात्री आडवे झाल्यावर मी हिशेब केला. अठ्ठावीस फुटांत आमच्याही छावण्या पडलेल्या आहेत. सुकाणू, नकाशे, हत्यारांची पेटी, चार्जर लावायची एकुलती एक धड जागा हा त्याचा मुलूख. शेगडी, डिंगी, दोर, खिडकीशेजारची उशी हा माझा. रेघ नक्की कुठून जाते हे एकदाही ठरलेलं नाही. ठरवायला बसलो तेव्हा तेव्हा युद्धनौका आल्या. न ठरवता एकमेकांकडे जेवायला गेलो तेव्हा बरं चाललं. आमच्या आईवडिलांच्या पिढीतही हेच चालत असणार, फक्त त्यांच्याकडे दोन खोल्या होत्या. बाईने तोंड मिटून सोसण्याबद्दल मी बोलत नाहीये. पिकेटही तोंड मिटून बसला नव्हता. तोफा दोन्हीकडे हव्यातच. फक्त डुक्कर मेलं म्हणून त्या उडवायच्या नाहीत.

इतकं शहाणपण सुचल्यावर छान झोप लागली, आणि सकाळी चहाच्या पहिल्या घोटाला वाद सुरू झाला.

वाद मार्गाचा होता, म्हणजे अगदी १८४६ चाच. त्याला उत्तरेला स्टुअर्ट बेटावर जाऊन तिथला टर्न पॉइंटचा दीपस्तंभ बघायचा होता. मला पूर्वेला वळसा घालून फ्रायडे हार्बरला जायचं होतं. तिथे पुस्तकांचं दुकान आहे आणि वाण्याकडे कोथिंबीर मिळते. तो म्हणाला, प्रवाह उत्तरेला अनुकूल आहे. मी म्हणाले, कोथिंबीर पूर्वेला अनुकूल आहे. संयुक्त ताब्याचा उपयोग मुक्कामाला होतो. बोट मात्र एका वेळी एकीकडेच जाते.

ब्रिटन आणि अमेरिका यांनी शेवटी हा प्रश्न लवादाकडे सोपवला होता. लवाद होता जर्मनीचा सम्राट पहिला विल्हेल्म. त्याने तीन तज्ज्ञ बसवले, त्यांनी जवळजवळ वर्षभर कागद चाळले, आणि २१ ऑक्टोबर १८७२ रोजी निकाल लागला: रेघ हारोतून, बेटं अमेरिकेची. सम्राट बर्लिनचा. आमची लेक सध्या बर्लिनलाच शिकते. इतिहासाने आयती दिलेली संधी सोडायची नाही म्हणून आम्ही तिला फोन लावला. तिथे संध्याकाळचे पाच वाजले होते. दोन्ही पक्षांनी बाजू मांडल्या. नवऱ्याने प्रवाहाचं कोष्टक वाचून दाखवलं. मी एवढंच सांगितलं की काल धक्क्याला बोट कोणी लावली हे अख्ख्या बंदराने पाहिलं आहे.

“पण आई, प्रश्न मार्गाचा आहे ना?”

“पार्श्वभूमी माहीत असावी,” मी म्हटलं.

नवऱ्याने मधला मार्ग सुचवला: आधी स्टुअर्ट, मग फ्रायडे हार्बर. तेव्हाही दोन्ही खाड्यांच्या मधून रेघ काढायची सूचना ब्रिटिशांनी केली होती, पण लवादाला दोन दाव्यांपैकी एकच निवडायची मुभा होती. लेकीनेही तडजोड धुडकावली. तिने फोनवरच कॉफी मागवली, ती येईपर्यंत विचार केला आणि निकाल दिला, “फ्रायडे हार्बर. आणि बोट आई नेईल.”

“सुकाणूचा मुद्दा लवादापुढे नव्हता,” कप्तान उसळला. “शिवाय तिच्याकडे कार्ड नाही.”

“बाबा, कार्डवाला माणूस बोटीवर थेट देखरेखीला असेल तर चालतं. तुमच्याच पुस्तकात होतं. तुम्हीच मला पाठ म्हणून दाखवलंत.”

पैकीच्या पैकी गुणांची किंमत अशी मोजावी लागते. तो हेडफोन घालून नाळेवर गेला. मी सुकाणूशी उभी राहिले आणि इंजिन सुरू केलं. वारा कालच्याच बाजूचा होता. खुर्च्यांवरची मंडळी चहाकॉफीचे मग हातात घेऊन उठून आली. आजोबाही आले.

कानात त्याचा आवाज आला, आणि तो चक्क विचारत होता, “अगं, आधी कुठला दोर सोडू?”

हेडफोन असूनही हे तो इतक्या मोठ्याने बोलला, की धक्क्यावरच्या माणसांना भाषा न कळता प्रश्न कळला. तीन पुरुषांनी पुढे होऊन तीन वेगवेगळे दोर दाखवले. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या तिन्ही बायकांनी मात्र एकच दाखवला. मी तोच सोडायला सांगितला.